क्लिपिंग प्लेन : रेणूचा छेद आणि त्यात दिसणारी पोकळी

पायमॉलमध्ये प्रथिनाचे मॉडेल उघडून माउसचे चाक फिरवले की पुष्कळ विद्यार्थी दचकतात. झूम होईल अशी अपेक्षा असते, पण रेणूचा पुढचा आणि मागचा भाग नाहीसा होऊ लागतो. "सर, फाइल खराब झाली" हे वाक्य लॅबमध्ये दर वर्षी ऐकू येते. फाइलला काही झालेले नसते. त्या चाकाने झूम होत नाही, दोन क्लिपिंग प्लेनमधले अंतर कमी-जास्त होते.

तुमच्या डोळ्याच्या जागी एक कॅमेरा आहे असे समजा. पडद्याला समांतर अशी दोन अदृश्य प्रतले रेणूतून जातात, एक जवळचे आणि एक लांबचे. प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे खोलीतले अंतर तपासले जाते आणि तो या दोन प्रतलांच्या मध्ये असेल तरच चित्रात येतो. गणित एवढेच आहे. अणू फाइलमधून वगळले जात नाहीत, म्हणून कापलेल्या भागातील अणूही आदेशाने निवडता येतात आणि मोजमापे बदलत नाहीत. शिवाय ही तपासणी रेणू फिरवून झाल्यावर होते. प्रतल पडद्याशी बांधलेले असते, रेणूशी नाही. त्यामुळे रेणू फिरवलात की छेदही बदलतो. छेद रेणूबरोबरच फिरायला हवा असेल तर कायमेराएक्समध्ये तशी वेगळी प्रतले मिळतात.

आता हे एका खऱ्या रेणूवर करून पाहू. असेटिलकोलिनएस्टरेज हे विकर चेतापेशींच्या संदेशवहनात काम करते. अल्झायमरवरचे डोनेपेझिल हे औषध त्याला अडवते. टॉर्पेडो कॅलिफोर्निका या विजेचा झटका देणाऱ्या माशातील या विकराची, डोनेपेझिलसह असलेली रचना प्रोटीन डेटा बँकेत १ईव्हीई या क्रमांकाने आहे (क्रमांक आणि पुढचे आदेश रोमन अक्षरांत टाइप करा). ती जेमॉलमध्ये उघडून पृष्ठभाग चढवा. औषध जवळजवळ दिसेनासेच होते, कारण ते सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल अशा अरुंद घळीत बसले आहे.

प्रथम 'सेंटर' आदेशाने औषध मध्यभागी आणा. मग त्याची लांबी पडद्यावर आडवी येईल असा रेणू फिरवा. ही पायरी गाळू नका. घळ तुमच्याकडे तोंड करून असेल, तर छेदात फक्त एक गोल भोक दिसेल. मग 'स्लॅब ऑन' आणि 'स्लॅब ५०' द्या. पुढचा अर्धा भाग जातो आणि घळ लांबीच्या दिशेने उघडी पडते. 'डेप्थ ४०' दिलेत तर मागचे ४० टक्केही जातात आणि मधली पातळ चकती उरते.

इथे खरी चूक होते. फक्त पृष्ठभाग कापला तर छेदात घळीशिवाय इतरत्रही मोठी पोकळी दिसते, जणू प्रथिन आतून रिकामेच आहे. "औषधाला आत भरपूर जागा आहे" असे उत्तर मला वहीत लिहिलेले मिळाले आहे, आणि चित्र पाहता ते अगदीच चुकीचे वाटत नाही. पण पहिल्या वर्षाचे इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवा. सेक्शनल व्ह्यूमध्ये जिथे धातू कापला गेला तिथे आपण हॅचिंग करतो आणि पोकळ भाग कोरा ठेवतो. संगणकाने काढलेला पृष्ठभाग ही त्रिकोणांची बिनजाडीची साल असते. ती कापली की आत हॅचिंग करायला काहीच नसते, म्हणून भरीव आणि पोकळ दोन्ही सारखेच कोरे दिसतात.

त्यावर उपाय सोपा आहे. त्याच छेदात सगळे अणू स्पेसफिल रूपात दाखवा. मघाची बहुतेक पोकळी लगेच भरून जाते, कारण प्रथिनाचा गाभा अणूंनी दाटीने भरलेला असतो. तरीही जी जागा उरते तीच खरी घळ. काही सॉफ्टवेअरमध्ये कापलेल्या तोंडावर रंगाचे झाकण घालता येते. ते हॅचिंगचे काम करते, पण झाकणाच्या रंगावरून तिथे कोणते अणू आहेत ते कळत नाही. मी स्वतः आधी स्पेसफिल पाहतो, झाकण नंतर.

आता स्पेसफिल बंद करा आणि छेद तसाच ठेवून ट्रिप्टोफॅन ८४ आणि ट्रिप्टोफॅन २७९ काड्यांच्या रूपात दाखवा. पहिला घळीच्या तळाशी आहे, दुसरा तोंडाजवळ, आणि डोनेपेझिल या दोघांच्या मध्ये लांबलचक पसरलेले दिसेल. यातला एखादा ट्रिप्टोफॅन दिसला नाही तर तो नाही असे लिहू नका. 'डेप्थ ०' करून पाहा, मग 'स्लॅब' थोडा थोडा वाढवत न्या. तो प्रतलाच्या पलीकडे असेल.