दुर्मीळ प्रवाळांचे संवर्धन : स्तंभप्रवाळाचे उदाहरण



'प्रवाळ' हा शब्द ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा अंगठीतले लाल पोवळे येईल. पोवळ्याची गणना आपण रत्नांत करतो. त्यामुळे प्रवाळ म्हणजे एखादे खनिज असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः प्रवाळ हा प्राणी आहे. दागिन्यातले पोवळे हा त्याच्या एका प्रकाराचा सांगाडा होय. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात भित्ती उभारणारे प्रवाळ त्याहून वेगळे. त्यांपैकी एका दुर्मीळ जातीच्या आधारे संवर्धनाचा अर्थ आपण समजून घेऊ.

१. प्रवाळाचे जीवन

भित्ती बांधणारा प्रवाळ ही बहुधा असंख्य लहान जीवांची वसाहत असते. यातील प्रत्येक जीवाला 'पॉलिप' म्हणतात. पॉलिप आपल्या तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा कठीण सांगाडा तयार करतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा पॉलिपला मिळतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की हे सहजीवन तुटते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा दिसू लागतो. यास 'विरंजन' म्हणतात. पाणी वेळेत निवले तर प्रवाळ सावरतो. उष्णता टिकली तर तो उपासमारीने मरतो.

२. स्तंभप्रवाळावरील संकट

कॅरिबियन समुद्रात आणि अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत आढळणाऱ्या एका प्रवाळाचे शास्त्रीय नाव 'डेन्ड्रोगायरा सिलिंड्रस' असे आहे. तो खांबांसारखा उभा वाढत असल्याने त्यास आपण स्तंभप्रवाळ म्हणू. २०१४ साली अमेरिकेने या जातीला कायद्याचे संरक्षण दिले. त्याच वर्षी मायामीजवळ प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग प्रथम आढळला. पुढे तो फ्लोरिडाच्या भित्तीवर व कॅरिबियनमध्ये पसरला आणि स्तंभप्रवाळ झपाट्याने मरू लागले. २०२२ साली जागतिक लाल यादीत या जातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली.

३. संख्येचा चकवा

येथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या. स्तंभप्रवाळाचा तुकडा मोडून पडला तर त्यापासून नवी वसाहत वाढते. म्हणून एका ठिकाणी दहा वसाहती दिसल्या, तरी जनुकीय दृष्ट्या त्या एकाच जिवाच्या प्रतिकृती असू शकतात. शिवाय या जातीत नर व मादी वसाहती प्रायः वेगवेगळ्या असतात. ऑगस्टमधील पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री त्या शुक्राणू व बीजांडे पाण्यात सोडतात. भिन्नलिंगी वसाहत जवळ नसेल तर फलन होत नाही. अशा स्थितीत जाती जिवंत दिसते. परंतु तिची पुढची पिढी जन्मत नाही.

४. संवर्धनाचे मार्ग

यावरून संवर्धनाची दिशा स्पष्ट होते. केवळ उरलेल्या वसाहतींची राखण पुरेशी नाही. दुरावलेल्या वसाहतींना एकत्र आणावे लागते. फ्लोरिडातील संशोधकांनी स्तंभप्रवाळाचे तुकडे गोळा करून जमिनीवरील टाक्यांत वाढवले. टाक्यांतील तापमान, दिवसाचा उजेड व चांदण्याचा प्रकाश समुद्रातील ऋतुमानाप्रमाणे ठेवण्यात आला. ऑगस्ट २०१९ मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमच्या प्रयोगशाळेत या प्रवाळांनी बीजांडे व शुक्राणू सोडले. अशा रीतीने निपजलेली पिले वाढवून भित्तीवर रोवणे हा पुढचा टप्पा.

५. मर्यादा

२०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला, की तेथील रोपवाटिकांतील अनेक जातींचे प्रवाळ पाण्याबाहेर काढून जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले. कायद्याचीही मर्यादा येथे दिसते. आपल्या देशातही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. कायदा प्रवाळ तोडणाऱ्याचा हात रोखू शकतो. तापलेले पाणी निववू शकत नाही. टाकीतील प्रजननामुळे जाती काही काळ तगून राहील. तिला परत समुद्रात नांदता यावे यासाठी मात्र हवामान तापवणारे वायू कमी करण्यावाचून गत्यंतर नाही.

स्वाध्याय

१. 'वसाहतींची संख्या म्हणजे जातीची सुरक्षितता नव्हे.' हे विधान स्तंभप्रवाळाच्या आधारे स्पष्ट करा.
२. विरंजन आणि ऊतीनाशक रोग यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.