कापसाची मोटार

मातीच्या भिंतीचा गारा कालवितांना त्यांत भुसा मिसळण्याची रीत आमच्या खेडोपाडीं फार जुनी आहे. नुसती माती वाळली कीं तडकते. भुसा तिला धरून ठेवतो. संमिश्र द्रव्यांचें तत्त्व हेंच. बळकट तंतू राळेसारख्या पदार्थांत घट्ट बसविले, म्हणजे पोलादाहून पुष्कळ हलकें आणि तरी टिकाऊ असें द्रव्य तयार होतें. वाहन हलकें, तितकें इंधन कमी. २०११ सालीं प्रवासी वाहतुकीस लागलेल्या बोइंग ७८७ विमानाच्या वजनांत अशा द्रव्यांचा वांटा सुमारें निम्मा आहे.

परंतु हलकेपणा म्हणजेच काटकसर काय? याचें उत्तर आम्हांस पूर्व जर्मनींतील एका बापुड्या मोटारीच्या इतिहासांत सांपडतें.

त्स्विकाउ शहरीं १९५७ सालीं 'ट्राबांट' मोटार निघूं लागली. पोलादी पत्र्याची तेव्हां टंचाई होती. म्हणून कापसाचे टाकाऊ तंतू फिनॉलच्या राळेंत भिजवून, तापलेल्या दाबयंत्रांत दाबून त्यांचे पत्रे करीत व ते पोलादी सांगाड्यावर चढवीत. या द्रव्याचें नांव ड्युरोप्लास्ट. त्यास गंज चढत नसे, आणि मोटारीचें वजन सहाशें किलोच्या आसपास राही. टाकाऊंतून टिकाऊ म्हणतात तें हेंच! १९९१ पर्यंत सुमारें तीस लक्ष गाड्या निघाल्या. एकेका गाडीसाठीं कुटुंबें दहा दहा वर्षें वाट पाहात.

१९८९ मध्यें बर्लिनची भिंत पडली, आणि त्याच गाड्या लोकांनीं रस्त्याकडेला सोडून दिल्या. आतां त्यांचें करावें काय? पोलाद वितळवितां आलें. ड्युरोप्लास्ट मात्र वितळेना, कुजेना, आणि जाळावें तर विषारी धूर! गूळ तापविला कीं पुन्हां पातळ होतो. पण भाजलेल्या भाकरीचें पुन्हां पीठ होत नाहीं. ही राळ भाकरीच्या जातीची होती.

आजच्या कारखानदारांपुढेंहि हाच पेंच आहे. कार्बनचे तंतू करण्यास हजार अंशांवर धगधगणाऱ्या भट्ट्या लागतात. ते ज्या राळेंत बसवितात, ती बहुधा भाकरीच्याच जातीची. युरोपांत २००० सालीं झालेल्या कायद्यानें, २०१५ पासून मोडीत निघालेल्या मोटारीचा वजनानें ९५ टक्के भाग कोणत्या ना कोणत्या उपयोगास लावणें बंधनकारक केलें. त्यामुळें गुळासारखी पुन्हां वितळणारी राळ, आणि जवस, अंबाडी यांसारखे वनस्पतींचे तंतू यांजकडे लक्ष वळलें आहे. दारांच्या आंतील फळ्यांत असे तंतू वापरलेहि जातात. मात्र ते दमटपणा शोषून घेतात, म्हणून जेथें सारा भार पेलावयाचा तेथें त्यांवर विसंबणें कठीण.

आमच्या आज्या लुगडें विरलें कीं त्याची गोधडी शिवीत, आणि गोधडी विरली कीं तिचें पायपुसणें होई. वस्तु घेतांनाच तिच्या शेवटाचा विचार त्यांच्या मनांत असे. ट्राबांट घडविणारांनीं टाकाऊ कापसाचें सोनें केलें खरें. परंतु त्या सोन्याची पुढें मोड कशी करावयाची, हें त्यांनीं पाहिलें नाहीं. नव्या वाहनाचें वजन विचारतांना आपण हाहि प्रश्न विचारावा, असें आम्हांस वाटतें.