लाकडी फर्म्यावर घडते विमानाची रिब

घरी विमान बांधायचं म्हटलं की लोकांना आधी इंजिनाची काळजी. पण खरी मजा पत्र्यात आहे! क्रिस हाइन्ट्झ यांनी रचलेलं सीएच ७०१ हे छोटं विमान घ्या. त्याचा बराचसा सांगाडा ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा; कुठे कुठे तर जाडी जेमतेम ०.४ मिमी. पंखाला आकार देणाऱ्या रिब घडवायला प्रेस लागत नाही, फर्मा म्हणून एमडीएफचे दोन ठोकळे पुरतात; पत्रा त्यांच्यामध्ये धरायचा आणि बाहेर राहिलेली कड ठोकून दुमडायची.

ठोकळा नकाशातल्या बाह्यरेषेपेक्षा पत्र्याच्या जाडीइतका आत कापायचा. नाहीतर रिब तेवढीच मोठी होते आणि वरचं आवरण नीट बसत नाही. ठोकळ्याच्या ज्या धारेवर पत्रा दुमडायचा तिला गोलाई हवीच. टोकदार धारेवर टी६ पत्रा तडकतो. शिवाय ठोकलेली कड थोडी मागे उसळते, म्हणून ठोकळ्याची बाजू काही अंश आत तासतात. मग कड काटकोनाच्या किंचित पुढे जाते आणि उसळून बरोबर ९० वर येते. ज्याला हे सुचलं त्याला सलाम.

पत्रा दोन ठोकळ्यांत बोल्टने आवळा, नायलॉनच्या हातोडीने हळूहळू, सगळीकडून थोडं थोडं ठोका. बाहेर फुगलेल्या वळणावर जास्तीचा पत्रा जमून रिब वाकते. तिथे खास पकडीने कडेला बारीक चुण्या पाडल्या की ती सरळ होते. चुण्या रिव्हेटच्या जागा सोडून पाडायच्या. आणि ठोकण्याआधी पत्र्याची कापलेली कड कानशीने गुळगुळीत करा, चिरा तिथूनच सुरू होतात.

करून बघायचं असेल तर शेपटीच्या छोट्या रिबपासून सुरुवात करा, आणि प्रत्येक ठोकळ्यावर रिबचा नंबर नि तासलेली बाजू मार्करने लिहून ठेवा.