नदीची बाजू ऐकणारा न्यायाधीश

आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२व्या वर्षी निवृत्त होतात. अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या न्यायालयातले न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट त्याला मंजुरी देते आणि ते तहहयात पदावर राहू शकतात. अशी सोय कशासाठी? लॉरेन्झो सॉयर यांची गोष्ट वाचा, म्हणजे कळेल.

सॉयर यांचा जन्म १८२० सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. वकील झाल्यावर १८५० मध्ये तेही सोन्याच्या ओढीने निघालेल्या हजारोंबरोबर खुश्कीच्या मार्गाने कॅलिफोर्नियात पोचले. काही काळ त्यांनी नेव्हाडा सिटी या खाणवाल्यांच्या गावात वकिली केली. १८६३ मध्ये मतदारांनी त्यांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून दिले आणि पुढे ते तिथे मुख्य न्यायाधीश झाले. १८६९ मध्ये नव्या कायद्याने फेडरल सर्किट न्यायाधीशांची नऊ पदे निर्माण झाली. पॅसिफिक किनाऱ्यासाठी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सॉयर यांना नेमले. आता त्यांना कुणाकडे मते मागायची नव्हती.

त्याचे मोल पुढे कळले. तोवर खाणकंपन्या पाण्याच्या प्रचंड फवाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर फोडून सोने काढू लागल्या होत्या. उरलेला गाळ आणि दगडगोटे सरळ नदीत जात. युबा नदीचे पात्र गाळाने वर आले, शेते बुडाली, १८७५ मध्ये मेरिसव्हिल गावात पूर शिरला. तिथले एक मालमत्ताधारक एडवर्ड्‌स वुडरफ यांनी १८८२ मध्ये नॉर्थ ब्लूमफिल्ड आणि इतर खाणकंपन्यांविरुद्ध दावा लावला. एकीकडे गुंतवलेला अफाट पैसा आणि हजारोंची रोजीरोटी, दुसरीकडे खोऱ्यातले शेतकरी आणि गावे.

७ जानेवारी १८८४ रोजी सॉयर यांनी २००हून अधिक पानांचा निकाल दिला. सोने काढणे हा गुन्हा नाही, पण आपला कचरा दुसऱ्याच्या दारात लोटण्याचा हक्क कुणालाच नाही, असा त्याचा मथितार्थ. नदीत गाळ सोडण्यास कायमची मनाई झाली. ज्या खाणवाल्यांमध्ये ते वकील म्हणून वावरले, त्यांच्याच धंद्याला त्यांनी लगाम घातला. पुढे १८९३च्या कायद्याने अशा खाणींना पुन्हा वाट दिली, पण गाळ अडवण्याची व्यवस्था करण्याच्या अटीवरच.

सॉयर १८९१ मध्ये वारले, तोवर ते न्यायाधीशच होते. मॅलकॉफ डिगिन्स इथे फवाऱ्यांनी कोरलेले उघडेबोडके कडे आजही दिसतात. मित्रांनो, खुर्ची टिकण्याची हमी अनेकांना मिळते. तिचा उपयोग कुणासाठी करायचा, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.