वादळापूर्वीची घरव्यवस्था

चक्रीवादळ हे समुद्राचे अपत्य होय. तापलेल्या सागरजलाची वाफ हे त्याचे अन्न. भूमीवर येताच हे अन्न तुटते आणि त्याचा जोर ओसरू लागतो. म्हणूनच समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आमच्या पुसदेस त्याचा पूर्ण तडाखा सहसा बसत नाही. तथापि एवढ्यावरून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नव्हे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने छपरे उडाली व नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. परंतु हवामान खात्याने त्याची वर्दी आगाऊ दिली असल्यामुळे हजारो लोकांस वेळीच सुरक्षित स्थळी हलविता आले. आमच्याकडील वैशाखातले वादळ मात्र असा अवधी देत नाही. सकाळी आकाश निरभ्र असते. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा वर चढून ढगांचे मनोरे उभे राहतात. आणि मग त्यांतील थंड हवा पावसासह एकाएकी खाली कोसळून चोहोकडे धावत सुटते. हा सारा खेळ घटका-दोन घटकांत आटोपतो. म्हणून आमच्या घरांची तयारी चैत्रातच झाली पाहिजे.

प्रथम छपराकडे पाहावे. टिनपत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत आहे. परंतु वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड खाली निजलेल्या माणसावर पडतो. पत्रे आडव्या दांड्यांस हुकांनी पक्के आवळावेत. सरकलेली कवेलू नीट बसवावीत. घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या छाटून टाकाव्यात. वादळाची चिन्हे दिसताच अंगणातील सुटे सामान आत घ्यावे व विजेचा मुख्य खटका बंद करावा. जनावरे झाडाखाली बांधू नयेत.

दुसरी गोष्ट पेटीची. शिधापत्रिका, सातबारा, मुलांचे दाखले हे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून एका पेटीत ठेवावेत. बॅटरी, काडेपेटी, नित्याची औषधे आणि थोडे कोरडे खाद्यही जवळ असावे. पिण्याचे पाणी झाकून भरून ठेवावे. कारण वीज गेली की नळही बंद पडतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आकाशातील विजेची. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांस साधारण एक किलोमीटर अंतर होते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर ताबडतोब पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. शेतात एकाकी झाडाचा आसरा कदापि घेऊ नये. जवळ निवारा नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. वीज पडलेल्या माणसास शिवल्याने आपणांस झटका बसतो, ही समजूत खोटी आहे. त्याचा श्वास थांबला असल्यास छाती दाबून तो चालू करण्याचा यत्न करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे साधन मोबाईलवर आसपासच्या विजेचा इशारा देते. ते प्रत्येक घरी असावे.

वर येण्याच्या सुमारास तेलासाठी धावणाऱ्या पाच मूर्ख कुमारींचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. त्यांच्याजवळ दिवे होते, परंतु तेलाची तजवीज नव्हती. विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या उन्हाळ्याच्या सुटीत पहिल्याच रविवारी वडिलांसह छपराची पाहणी करा व आईसह पेटी भरा. एका दुपारच्या ह्या श्रमाने कदाचित घरातील एखादे माणूस वाचेल.