दोन रेघांमधलं पाणी

भोसरीतल्या एका छपाईच्या शेडमध्ये सकाळी मशीन सुरू करण्याआधी ऑपरेटर गुडघ्यावर बसतो आणि यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटरमागच्या चिलरवर बॅटरी मारतो. टाकीला उभी पारदर्शक नळी, तिच्यावर दोन रेघा. कूलंट त्यांच्या मधे हवं. मग वहीत तारीख आणि लेव्हल लिहायची. अर्ध्या मिनिटाचं काम, पण लाखोंचं मशीन त्यावर टिकून आहे.

या यंत्राचं मला खरं नवल वाटतं ते असं, की एकाच कॅरेजवर, हातभर अंतरात, एक वस्तू गरम ठेवायची असते आणि दुसरी गार. शाई पातळ राहावी म्हणून प्रिंट हेडमध्ये ती साधारण 40 ते 45 अंशांवर ठेवतात. थेंब जेमतेम काही पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. थेंब अ‍ॅक्रिलिकवर पडला की शेजारचा एलईडी लॅम्प अतिनील प्रकाशाने त्याला जागच्या जागी पक्कं करतो. लॅम्प खात असलेल्या विजेतली बरीचशी उष्णताच होते. ती कूलंटने वाहून नेली नाही, तर उजेड मंदावतो आणि एलईडीचं आयुष्य घटतं. टाकीतली लेव्हल फार खाली गेली की पंप हवा ओढतो, नळीत बुडबुडे फिरू लागतात आणि अलार्म वाजून लॅम्प बंद पडतो. त्याआधीच्या प्रिंटवर नख ओढून पाहा: शाई चिकट लागते, खरवडून निघते.

आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, मग कूलंटच्या पाण्यात ग्लायकोल कशाला, असं पुष्कळजण विचारतात. त्यासोबतची रसायनं गंज आणि शेवाळ रोखतात, म्हणून. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात घाईच्या ऑर्डरच्या दिवशी नळाचं पाणी ओतलं होतं. काही महिन्यांनी नळ्या आतून हिरव्या पडल्या, फिल्टर चोंदला. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तिथे हाताशी नव्हता, इतकंच कारण.

लेव्हल उतरली की भर टाकायची, हे अर्धंच खरं. कूलंट गेलं कुठे, हे आधी शोधायला हवं. हळूहळू सुकलं असेल तर फक्त पाणी उडालेलं असतं आणि ग्लायकोल मागेच राहतं, म्हणून भर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची. गळलं असेल तर दोन्ही गेलं, मग तयार मिश्रणच घालायचं, आणि तेही आधीचंच; दोन वेगळी कूलंट एकत्र आली तर साका बसू शकतो. गळती बहुधा केबल चेनमध्ये सापडते, कारण कॅरेजबरोबर नळी दिवसभर तिथेच वाकत असते. क्लिपजवळ टिश्यू पेपर दाबून धरला की ओल कळते.

पावसाळ्यात मात्र हा टिश्यू पेपर फसवतो. हवा 30 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर 26 अंशांच्या आसपास दव धरतं. चिलर 20 वर लावलेला असला की नळ्यांना घाम फुटतो आणि थेंब थेट लॅम्पच्या वायरिंगवर पडू शकतो. गळती समजून क्लिपा आवळत बसलेले लोक मी पाहिलेत. अशा वेळी टाकीची लेव्हल बघावी. ती जागेवरच असेल तर पाणी हवेतलं आहे. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत चिलरचा आकडा थोडा वर घ्यायचा.

भर घातल्यावर पंप दहा मिनिटं चालवून लेव्हल पुन्हा बघावी लागते. अडकलेली हवा निघून गेली की लेव्हल बोटभर उतरते. भोसरीच्या त्या वहीत म्हणून भर घातलेल्या दिवसापुढे दोन आकडे असतात.