रक्तदाबाची गोळी : सोडावी का, आणि कशी?



वजनकाट्यापाशी ट्रॅक्टरची रांग लागली की ऊसदराइतकीच चर्चा दुखण्याखुपण्याची होते. "बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद केली," हे वाक्य आम्ही तिथे कितीदा तरी ऐकतो. आपल्या एका सभासद बंधूंनीही असेच केले. तोडणीच्या धांदलीत गोळ्या संपल्या, त्रास काही जाणवेना, म्हणून पुन्हा आणल्याच नाहीत. चार महिन्यांनी उजवे अंग लुळे पडले. आज ऊस नोंदीच्या कागदावर ते डाव्या हाताने सही करतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

रक्तदाब नॉर्मल आला तो बहुधा गोळीमुळेच. बांधाने पाणी थोपले म्हणून कोणी बांध फोडत नाही. शिवाय वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. डोके दुखत नाही म्हणजे सगळे ठीक, हा हिशेब चुकीचा आहे.

मग गोळी जन्माचीच का? बहुतेकांना ती घ्यावीच लागते. पण काहींची सुटते, हेही खरे. अमेरिकेत 60 ते 80 वयाच्या, औषधाने रक्तदाब आटोक्यात असलेल्या लोकांवर झालेला एक अभ्यास 1998 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या स्थूल मंडळींपैकी ज्यांनी मीठ आणि वजन दोन्ही कमी केले, त्यांच्यात शंभरांतले साधारण 44 जण अडीच वर्षांनंतरही गोळीवाचून ठीक होते. ज्यांनी काही बदल केला नाही, त्यांच्यात जेमतेम 16. म्हणजे आधी राहणी बदलायची, मग गोळीचा विचार करायचा.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे, पापड, खर्डा यांतले मीठही त्यातच धरायचे. वजन उतरवावे, रोज चालावे, दारू-तंबाखू सोडावी. शेतातले काम होतेच, असे म्हणून चालणे टाळू नये. आता बरेचसे काम ट्रॅक्टरच करतो! गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही रक्तदाब चढतो. त्या परस्पर घेऊ नयेत.

वर्षभर रक्तदाब आटोक्यात असेल आणि औषध एकच, कमी मात्रेचे असेल, तर डॉक्टरांशी बोलून पाहावे. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार किंवा पक्षाघात झालेल्यांनी गोळी सोडण्याचा विचार आपल्या मनाने मुळीच करू नये. त्यांच्या काही गोळ्या केवळ रक्तदाबासाठी नसतात.

डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात. दोन औषधे असतील तर एका वेळी एकच. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडीन यांसारखी औषधे एकदम तोडली तर रक्तदाब वा नाडी उसळून जिवावर बेतू शकते. घरी गोळीचे तुकडेही करू नयेत. काही गोळ्या मोडायच्या नसतात.

या काळात रक्तदाब वरचेवर मोजून वहीत लिहावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे स्वस्थ बसावे. आकडा पुन्हा 140/90 वर जाऊ लागला तर डॉक्टर गोळी सुरू करतील. त्यात हार मानण्यासारखे काही नाही. गोळी सुटली तरी मोजणे सुटत नाही, कारण काही महिन्यांनीही रक्तदाब परत चढतो.

उठताना चक्कर येत असेल तर गोळी गुपचूप बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगा. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.

गोळीचा खर्च परवडत नाही म्हणून ती सोडणारेही आहेत. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. आपल्या राज्यात 15 ऑगस्ट 2023 पासून तिथले उपचार मोफत आहेत.

उसाचे पाणी कधी तोडायचे हे आपण पीक पाहून ठरवतो, अंदाजाने नव्हे. गोळीचेही तसेच करावे, एवढीच विनंती.